मोटारीची पुढची चाके : घरच्या घरी पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आरोग्य, मुलांचा अभ्यास, फार तर घरगुती काटकसर असे विषय असतात. या वर्षी फलकावर ‘मोटारीची पुढची चाके’ असे वाचून पुष्कळ जणींना हसू आले. ते हसू मी दारातच ऐकले आणि मला त्याचा रागही आला नाही. पण त्याच दारासमोर आत्ता ज्या मोटारी उभ्या आहेत, त्यांतल्या कितीतरी आपल्या भगिनींनी स्वतः चालवत आणल्या आहेत. जी वस्तू आपण रोज वापरतो, जिच्यात आपली लेकरे बसवतो, तिच्याविषयी चार गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात, यात हसण्यासारखे काय आहे? शिलाईच्या यंत्राचा टाका सैल पडू लागला की आपण स्वतः स्क्रू फिरवून तो नीट करतो. मग मोटारीच्या बाबतीतच हात बांधून का बसावे?

मी इंजिनिअर नाही. मी शाळेत गणित शिकवले, तेही मराठी शाळेत. परंतु आजचा विषय मुळात भूमितीचाच आहे. दोन समांतर रेषा, एक ओळंबा आणि चार ठिपके, एवढ्यात तो संपतो. म्हणून बोलायचे धाडस केले.

आपल्या शकुंतला रेल्वेपासूनच सुरुवात करू. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती लहान गाडी आता बंद आहे; पण तिचे रूळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवेल की ते अगदी जवळ जवळ होते. दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. यवतमाळच्या स्टेशनात जेवढे, तेवढेच दारव्ह्याला आणि तेवढेच मूर्तिजापूरला. हे अंतर कुठेही कमीजास्त झाले नाही, म्हणून चाके रुळांवर टिकली. मोटारीला रूळ नसतात. तिच्या पुढच्या दोन चाकांनी आपले आपण समांतर चालायचे असते. ती तशी चालतात की नाहीत हे पाहणे, आणि चालत नसतील तर तशी करणे, याला गॅरेजात व्हील अलाइनमेंट म्हणतात.

ही चाके मुळात वाकडी का होतात? आपल्या बंडीची चाके तशी कधी होत नाहीत. बंडीची दोन्ही चाके एकाच आखावर बसलेली. वळायचे ते बैलांनी वळायचे, चाके मागोमाग येतात. चार चाकांच्या जुन्या घोडागाडीत पुढचा सबंध आख मधल्या खिळीभोवती फिरत असे. म्यूनिकच्या जॉर्ज लँकेन्स्परगर या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने यात एक नवी युक्ती काढली. आख जागेवर ठेवायचा आणि पुढचे प्रत्येक चाक आपापल्या सांध्याभोवती वळवायचे. १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी इंग्लंडात या युक्तीचे पेटंट घेतले आणि नाव त्यांचेच पडले. आजच्या मोटारी याच तत्त्वावर वळतात.

यात सोय मोठी, पण एक नवी जबाबदारीही आली. दोन चाके आता एका आखाला घट्ट बांधलेली नाहीत. स्टिअरिंगपासून दोन्हीकडे एकेक लोखंडी दांडी जाते आणि चाकाला धरून ठेवते. तिला टाय रॉड म्हणतात. ही दांडी थोडी लांब झाली, थोडी आखूड झाली, तिचा सांधा झिजला किंवा खड्ड्यात आपटून ती वाकली, की चाकाचे तोंड फिरते. आणि आपल्या जिल्ह्यात खड्ड्यांना तोटा नाही. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर केलेला रस्ता दोन वर्षांत लाटा धरतो. वणीकडे कोळशाच्या ट्रकांनी पडलेल्या चाकोऱ्या तर सर्वांच्याच अनुभवाच्या आहेत.

चाकांची तोंडे दोन तऱ्हांनी फिरतात. काही माणसे पावले आत वळवून चालतात, काही फेंगडी चालतात, तसेच चाकांचे. दोन्ही चाके पुढून जवळ आली असतील तर त्याला टो-इन म्हणतात, पुढून फाकली असतील तर टो-आउट. टो म्हणजे पायाचे बोट. बहुतेक साध्या मोटारींत हा फरक शून्य ते दोन-तीन मिलिमीटर इतकाच ठेवलेला असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात असतो आणि तोच प्रमाण मानावा.

तुम्ही म्हणाल, पाच-सहा मिलिमीटरने काय होते? पोळी लाटताना एवढा फरक कोणी बघत नाही. म्हणून एक हिशेब मांडते. जुन्या मारुती आठशेच्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर, आणि आतली लोखंडी रिम १२ इंची. रिमचे ३०५ मिलिमीटर आणि दोन्हीकडची टायरची उंची मिळवली की व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर येतो. आता समजा, चाके पुढून ६ मिलिमीटर फाकली आहेत; म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३. पाचशे आठ मिलिमीटरला ३ मिलिमीटर वाकडे, तर एका किलोमीटरला किती? सुमारे सहा मीटर. म्हणजे ते चाक एक किलोमीटर पुढे जाताना सहा मीटर आडवे फरफटते. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर धरले, तर तेथे पोहोचेपर्यंत प्रत्येक पुढचे चाक जवळजवळ नऊशे मीटर आडवे घासले गेले! डांबरी रस्त्याच्या कानशीवर रबर नऊशे मीटर घासल्यावर त्याचे काय उरणार?

आणि ही झीज दिसत नाही, हीच खरी धास्तीची गोष्ट आहे. चाके पुढून फाकलेली असली की टायरची आतली कड झिजते. बाहेरून पाहावे तर नक्षी जशीच्या तशी, आणि आतली कड तुळतुळीत झालेली. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की ती कड पाणी कापू शकत नाही. आणि आतले धागे उघडे पडले की पांढरकवड्याजवळच्या महामार्गावर, भर उन्हात, भर वेगात तो टायर फुटायला वेळ लागत नाही. कायद्यानेही मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. ती फक्त बाहेरच्या कडेला मोजून चालत नाही.

आपल्याच मंडळाच्या एका सभासद भगिनीच्या सुनेची हकीकत सांगते. त्या दोघींच्या परवानगीने सांगत आहे. सूनबाई नेरकडच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. जुनी मारुती घेतली आहे. रोज स्वतः चालवत जातात, पाच वर्षांचा मुलगा बरोबर असतो. वर्षाच्या आत पुढचे दोन्ही टायर गेले म्हणून त्यांनी नवे टाकले. एका गॅरेजात सांगितले, “बाईसाहेब, टायर कंपनीचाच दोष असेल.” नवे टायर टाकून दिले, पैसे घेतले आणि गाडी परत दिली. पुढच्या चाकांना कोणी हात लावला नाही. चार महिन्यांनी सासूबाई माझ्याकडे गंमत म्हणून म्हणाल्या, “आमच्या सूनबाई टायर बांगड्यांसारखे बदलतात हो!”

मला ती गंमत वाटली नाही. मी सूनबाईंना म्हटले, “उद्या गाडी आपल्या अंगणात आण आणि स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून उभी कर.” स्टिअरिंग पूर्ण वळवले की चाकाची आतली बाजू बाहेर येते. आम्ही वाकून पाहिले. चार महिन्यांच्या टायरची आतली कड इतकी झिजली होती, की एका ठिकाणी खालचे धागे डोकावत होते. बाहेरची नक्षी नवी होती. सूनबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, “काकू, परवा पावसात मी याच गाडीने मुलाला घेऊन आले.”

तेव्हा भगिनींनो, पहिला पाठ हाच. टायरची भाषा वाचायला शिका; त्याला ना हत्यार लागते ना पैसा. महिन्यातून एकदा स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून टायर आतून पाहावा. दोन्ही टायरांच्या आतल्या कडा झिजल्या असतील तर चाके पुढून फाकली आहेत. दोन्हींच्या बाहेरच्या कडा झिजल्या तर पुढून जवळ आली आहेत. एकाच टायरचा मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकाच टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकाच टायरची एकच कड झिजली तर त्या चाकाचा झोक बिघडला आहे, ते काम घरचे नव्हे. मग तळहात टायरवरून आडवा फिरवावा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टायर आडवा घासला जात आहे. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा, तसे ते लागते.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर मात्र लगेच चाकांना दोष देऊ नका. आधी दोन्ही पुढच्या चाकांत हवा सारखी आहे का पाहा, मग एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटून राहतो का ते मिस्त्रीकडून पाहून घ्या. पुष्कळदा तेवढ्यातच भागते.

आता मोजणीकडे वळू. सामान असे : लोखंडी टेप, खडू, लाकडी ठोकळ्यात ठोकलेला एक खिळा, सुती दोऱ्याला जड नट बांधून केलेला ओळंबा, जॅक, एक लोखंडी घोडी म्हणजे स्टँड, आणि दोन पान्हे. शिवणाचा कापडी टेप घेऊ नका. तो ताणतो, आणि येथे एकेका मिलिमीटरचा हिशेब आहे. जागा सपाट हवी. फरशीचे अंगण उत्तम.

कामाला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी. चारही चाकांत हवा पुस्तकात किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिली असेल तेवढी भरा. डिकीतले जास्तीचे ओझे काढा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागच्या चाकांना पुढून मागून दगड किंवा पाचरी लावा, हँडब्रेक ओढा, मगच पुढचे चाक जॅकने उचला, आणि उचलल्याबरोबर खाली घोडी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके कधीही घालू नका. विटांची चवड रचून तिच्यावर गाडी टेकवू नका. वीट दाबाने फुटते आणि फुटताना सांगत नाही. घरात दुसरे कोणी नसताना हे काम करू नये. मुलांना त्या वेळी अंगणाबाहेर ठेवावे.

चाक उचलले की आधी ते हलवून पाहायचे. घड्याळाच्या तबकडीवर तीन आणि नऊ वाजतात तेथे दोन हात ठेवून चाक डावे-उजवे हलवा. खट् असा आवाज आला, सैल लागले, तर टाय रॉडचा सांधा झिजला आहे. मग बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून हलवा. तेथे सैल लागले तर बेअरिंग किंवा खालचा सांधा गेला आहे. यांपैकी काहीही सैल असेल तर मोजणी थांबवा आणि आधी तो भाग मिस्त्रीकडून बदलून घ्या. सैल सांध्यावर केलेली मोजणी म्हणजे हलत्या ताजव्यावर तोललेले सोने. सूनबाईंच्या गाडीत काही सैल नव्हते. पण विचारता विचारता कळले, की दीड वर्षापूर्वी डावीकडचा सांधा नवा बसवला होता. आणि तेव्हापासून गाडी सरळ जात असतानाही स्टिअरिंग थोडे तिरके धरावे लागत होते. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता चाक गरागरा फिरवायचे आणि खडू टायरच्या मधोमध टेकवायचा. पांढरा पट्टा उमटला की त्या पट्ट्यावर ठोकळ्यातला खिळा स्थिर धरून पुन्हा चाक फिरवायचे. एक बारीक, सरळ रेघ उठते. गियर मात्र न्यूट्रलमध्ये हवा, नाहीतर चाक फिरणार नाही. दोन्ही चाकांवर अशी रेघ काढली की गाडी खाली उतरवा. उचललेले चाक उतरताना आत दुमडलेले राहते, म्हणून स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी दोन-तीन मीटर मागे न्या आणि हळूच पुढे आणून थांबवा. शेवटची चाल पुढेच असावी. नंतर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी आणि चाकांना पाचरी लावाव्यात.

आता ओळंबा. त्याचा दोरा टायरच्या पुढच्या फुगवट्यावर, त्या बारीक रेघेला टेकवून खाली सोडा. नट जमिनीच्या वर स्थिर झाला की त्याच्या बरोबर खाली फरशीवर खडूने ठिपका द्या. तसाच दुसऱ्या चाकाचा. मग टायरच्या मागच्या फुगवट्यावर रेघेला दोरा टेकवून मागचे दोन ठिपके द्या. झाले चार ठिपके. आता गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टेपने मोजा. पुढच्या दोन ठिपक्यांतले अंतर आणि मागच्या दोन ठिपक्यांतले अंतर, यांतला फरक म्हणजेच आपला टो.

आपण जन्मभर ठिपक्यांची रांगोळी काढत आलो. ठिपके एका रांगेत नसले तर फूल तिरके होते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. सूनबाईंच्या अंगणात चार ठिपके उमटले आणि टेप लावण्यापूर्वीच सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे पुढून उघडे आहे.” मोजले तर पुढे १२१९ मिलिमीटर आणि मागे १२१३. बरोबर सहा मिलिमीटरचा फरक. खात्रीसाठी चाके अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठिपके घेतले, कारण एखादी रिम थोडी वाकडी असली तर एका जागेचे माप फसवते. दुसऱ्या वेळीही सहाच आले. वर सांगितलेला नागपूरचा हिशेब मी यांच्याच गाडीवरून मांडला आहे.

आता दुरुस्ती. टाय रॉडच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक चेकनट घट्ट बसवलेला असतो. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी टोकाचा सांधा एका पान्ह्याने धरावा आणि चेकनट दुसऱ्याने सैल करावा. मग दांडी फिरवली की तिची लांबी वाढते किंवा कमी होते. फिरवण्यापूर्वी दांडीवर आणि सांध्यावर मिळून खडूची एक खूण करावी, म्हणजे किती फिरवले ते कळते आणि वाटल्यास पूर्ववत करता येते. दांडीवरची रबरी पिशवी पिळवटत असेल तर तिची पट्टी आधी सैल करावी. ती फाटली तर आत धूळ जाऊन सबंध स्टिअरिंगचे नुकसान होते.

कोणत्या दिशेने फिरवायचे? दांडी चाकाच्या आसाच्या मागे असेल, तर ती लांब केल्याने चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि पुढची आत येते. दांडी आसाच्या पुढे असेल तर याच्या उलट. म्हणून आधी वाकून दांडी कोठे आहे ते पाहावे. दुसऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज करू नये. आणि किती फिरवायचे? पाव फेरा, फार तर अर्धा. मीठ घालतो तसे. आणखी घालता येते, काढता येत नाही म्हणतात, पण येथे सुदैवाने काढताही येते.

स्टिअरिंग सरळ असेल तर दोन्ही दांड्या सारख्याच फिरवाव्यात, म्हणजे ते सरळच राहते. सूनबाईंचे स्टिअरिंग मात्र सांधा बदलल्यापासून तिरके होते. याचा अर्थ उघड होता. बिघाड दोन्हीकडचा नव्हता, एकट्या डावीकडचा होता. नवा सांधा बसवताना जुन्याचे आटे कोणी मोजले नव्हते आणि दांडी आखूड राहिली होती. म्हणून आम्ही फक्त डावी दांडी लांब केली. अर्धा फेरा दिला, चेकनट घट्ट केला, गाडी मागेपुढे केली, पुन्हा चार ठिपके. फरक तीनवर आला. आणखी थोडी फिरवली, पुन्हा ठिपके. फरक एक मिलिमीटर. तेथे थांबलो. सबंध सकाळ गेली, मध्ये दोनदा चहा झाला. चेकनट पक्का आवळला आहे ना, हे सूनबाईंनी तीनदा पाहिले आणि ते योग्यच केले. हा नट सैल राहिला तर सारे काम फुकट, शिवाय धोक्याचे.

मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश फेरी मारली. गाडी सरळ, आणि बऱ्याच दिवसांनी स्टिअरिंगही सरळ. धागे उघडे पडलेले ते दोन्ही टायर त्याच दिवशी काढून टाकले, कारण चाके सरळ केल्याने झिजलेला टायर परत येत नाही. नव्या टायरांना आता आठ महिने झाले. दर महिन्याला सूनबाई पट्टीने नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहितात. तिन्ही आकडे बरोबरीने उतरत आहेत.

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. घरी होते ते काम फक्त टोचे. चाक उभे आहे की आत-बाहेर झुकले आहे, त्याला कँबर म्हणतात. आणि सायकलच्या पुढच्या काट्याला जसा तिरकेपणा असतो, ज्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्याला कॅस्टर म्हणतात. ही दोन मापे ओळंब्याने नीट होत नाहीत. मोठा खड्डा बसला असेल, गाडीला धडक झाली असेल, तर सरळ यंत्र असलेल्या गॅरेजात जावे. मागची चाकेही वाकडी असू शकतात, आणि तीही यंत्रच एकत्र पाहते. नव्या मोटारींत विजेवर चालणारे स्टिअरिंग आणि रस्त्याच्या रेघा पाहणारे कॅमेरे असतात. त्यांचे मध्यबिंदू यंत्रानेच जुळवावे लागतात. अशा गाड्यांना घरी मोजावे, पण पान्हा लावू नये.

मोजणे मात्र सर्वांनी शिकावे, कारण जिने स्वतः मोजले आहे, तिला गॅरेजात काय विचारायचे ते कळते. “आधीचा आकडा किती होता? नंतरचा किती झाला? कागद छापून द्या. सांधे हलवून पाहिले का?” हे चार प्रश्न नम्रपणे पण स्पष्ट विचारावेत. चांगला मिस्त्री रागावत नाही; उलट, समजणारे गिऱ्हाईक आले म्हणून तो खुशीने हत्यार दाखवतो. माझ्या या ज्ञानाचा मोठा भाग गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी दिलेला आहे. त्यांच्याकडे यंत्र नव्हते. दोरा, खडू आणि डोळा एवढ्या भांडवलावर त्यांनी किती ॲम्बॅसेडर आणि फियाट सरळ केल्या, याची गणती नाही. ॲम्बॅसेडर २०१४ साली बंद झाली, पद्मिनी तिच्याही आधी. पण ओळंबा अजून सरळच लोंबतो.

शेवटी एक सूचना मांडते. आपल्या मंडळाकडे सतरंज्या आहेत, मोठी पातेली आहेत. ज्या घरी कार्य असेल ती भगिनी वहीत सही करून घेऊन जाते. त्याच कपाटात एक हत्यारांची पेटी ठेवावी. तिच्यात चांगला जॅक, दोन लोखंडी घोड्या, लोखंडी टेप, हवा मोजण्याचा गेज, पान्ह्यांचा संच आणि ओळंबा असावा. प्रत्येकीने हे स्वतंत्र विकत घेण्याचे कारण नाही. आणि पावसाळा लागण्यापूर्वी एका रविवारी ज्यांच्याकडे मोटारी आहेत त्यांनी त्या मंडळाच्या अंगणात आणाव्यात. चाके वळवून टायर आतून पाहावेत, हात फिरवावा, ठिपके घ्यावेत. पेटीच्या खर्चासाठी पहिली वर्गणी सूनबाईंनी आजच चिटणीसबाईंकडे दिली आहे, हे मी त्यांना न विचारता जाहीर करते.

ज्या भगिनींना मोटार चालवता येत नाही, त्यांनीही त्या रविवारी यावे. ठिपके सरळ आहेत की नाहीत, हे सांगणारी नजर त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली आहे, हे आम्ही त्या अंगणात पाहिले आहे.